परतीची रेघ

सर उकडलेलं अंडं खात नसत. आमलेट नाही, भुर्जी नाही, पनीरसुद्धा नाही. त्यांच्या घरात बाकीचे सगळं खात, त्यामुळे धर्माची हरकत नव्हती. हरकत परतीची होती. अंड्यातलं प्रथिन एकदा तापून घट्ट झालं की कितीही गार केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. ज्या गोष्टीला परतीचा रस्ता नाही तिच्याबद्दल शास्त्राला काही बोलता येत नाही, आणि ज्याबद्दल बोलता येत नाही ते खायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. दह्याबद्दल त्यांचं मत अजून ठरलेलं नव्हतं. ठरेपर्यंत ते रोज वाटीभर खात.

मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मला विद्यार्थिनी म्हणणं जरा जडच जातं, कारण मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चाळिशी ओलांडली होती, मुलगी शाळेत होती आणि एका कॉलेजात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. तात्पुरती म्हणून. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं की पुढेमागे कायमची जागा निघेल. तोवर पीएच.डी. झाली तर ती माझी, नाही झाली तर जाहिरात द्यावी लागेल, आणि जाहिरात दिली की लोक अर्ज करतात. मी गाइड शोधायला लागले. चांगल्या गाइडांकडे जागा नव्हती. सरांकडे होती. का होती ते मी विचारलं नाही. लवकरच कळलं.

पहिल्या भेटीत त्यांनी माझे गुण विचारले नाहीत, विषयही विचारला नाही. विश्रांतवाडीहून या संशोधन संस्थेत कशा आलात, एवढंच विचारलं. मी रस्ता सांगितला. परत कशा जाल, म्हणाले. मी म्हटलं, तशीच.

"तशीच कशी जाल? मधले रस्ते एकेरी आहेत," सर म्हणाले. "बाई, शास्त्रात यायचं तर असं सैल बोलून चालणार नाही."

ते स्वतः सदाशिव पेठेत राहत. सकाळी ज्या एकेरी गल्लीतून ते स्कूटर चालवत बाहेर पडत, संध्याकाळी त्याच गल्लीतून स्कूटर बंद करून, ढकलत घरी जात. ढकलणारा माणूस कायद्याने पायी असतो, असा त्यांचा मुद्दा. एकदा मला तुळशीबागेत काम होतं म्हणून त्यांच्या मागे बसून गेले होते. गल्लीच्या तोंडाशी आम्ही उतरलो, त्यांनी स्कूटर ढकलायला घेतली आणि वाहतूक पोलिसाने हात आडवा केला. सरांनी त्याला शांतपणे सांगायला घेतलं, की जाण्याची वाट आणि येण्याची वाट एकच असेल तरच ऊर्जेचा हिशेब लागतो. वाट बदलली की सगळी बेरीज वाया. पोलिसाने लायसन्स पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी काही मदत करीन या आशेनं. मी करणार नव्हते.

"काका, तुम्ही ढकला," शेवटी तो म्हणाला. "रोज ढकला. फक्त मला समजावत बसू नका, मागं बस थांबलीय."

इथे थोडं रसायनशास्त्र सांगणं भाग आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. पाण्यात ती मोकळी लोळत पडत नाही, तिची एक ठरलेली घडी असते. माळेतले तेलकट तुकडे पाणी टाळून आत लपतात, विद्युत प्रभार असलेले बाहेर राहतात. पाणी तापवलं की घडी उलगडते, गार केलं की पुन्हा बसते. उलगडताना किती उष्णता लागली ते कॅलरीमीटर नावाचं यंत्र मोजतं आणि कागदावर एक रेघ काढतं. गार करताना दुसरी रेघ निघते. परतीची रेघ जातानाच्या रेघेवर तंतोतंत बसली, तर त्यावरून घडीचा सगळा हिशेब मांडता येतो. नाही बसली, तर मांडता येत नाही. इतकं सगळ्या जगाला मान्य आहे. सरांचं वेगळेपण असं, की जगाने हे पेप्टाइडपुरतं मानलं होतं.

त्यांचा दुसरा नियम थांबण्याचा. कुठलीही गोष्ट तिच्या परिसराशी जुळेपर्यंत तिला हात लावायचा नाही. चहा आला की तो खोलीइतका गार होईपर्यंत सर त्याच्याकडे पाहत बसत. पुण्यात मे महिन्यात हे चालून जातं. जानेवारीत तो चहा म्हणण्याजोगा राहत नसे. कुणाच्या घरी गेले तर उंबऱ्यातच जरा वेळ उभे राहत. यजमान "या, या" म्हणत राहत आणि सर "येतो, जुळतोय" म्हणत. लग्नाच्या मांडवात त्यांनी असा रस्ता अडवलेला मी पाहिला आहे. वऱ्हाड मागे तुंबलं होतं.

अमिनो आम्लांच्या स्वभावावरून ते माणसं ओळखत. प्रत्येक अमिनो आम्ल कुठल्या ना कुठल्या टप्प्याला आपला प्रोटॉन सोडतं, म्हणजे हातातला एक कण पाण्याला देऊन टाकतं. काही पटकन सोडतात, काही मरेपर्यंत धरून ठेवतात. आर्जिनिन जवळजवळ सोडतच नाही. संस्थेच्या खरेदी विभागाचे प्रमुख आर्जिनिन होते. त्यांच्याकडे मागणीपत्र नेण्यात अर्थ नाही, म्हणून सर नेत नसत. संचालक लायसिन. लायसिनचं वैशिष्ट्य असं, की थंडीत ते घट्ट धरतं आणि तापमान वाढलं की सैल पडतं. त्यामुळे संचालकांकडची सगळी कामं सर मे महिन्यात काढत, तीही दुपारी, आणि आधी त्यांच्या खोलीतला एसी बिघडलाय ना याची चौकशी करून. सांगायला नको वाटतं, पण कामं होत.

प्रणाली नावाची अकोल्याची मुलगी आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत होती. तिला सरांनी हिस्टिडीन म्हटलं होतं, म्हणजे शेजार बदलेल तशी बदलणारी. ती दोन दिवस रडवेली झाली. मी तिला म्हटलं, अगं, निम्मी एन्झाइमं हिस्टिडीनवर चालतात, तुझं कौतुक केलंय त्यांनी.

"मग कौतुकासारखं बोलायचं ना, ताई," ती म्हणाली. "काय करून राहिले हे सर?"

स्वतःला सर कार्बॉक्सिल समजत. आम्लाच्या टोकाला असणाऱ्या या गटावर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही. एकदा घरी जेवायला बोलावलं होतं तेव्हा त्यांनी हे पत्नीसमोर सांगितलं. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "भूक लागली की होतो." सर यावर बराच वेळ विचार करत होते. आमटी गार होईपर्यंत.

एवढं सगळं मी चालवून घेतलं, कारण माझं काम पुढे सरकत होतं. मला एक पेप्टाइड दिलेलं होतं. ते तापवायचं, उलगडू द्यायचं, गार करायचं आणि घडीचा हिशेब मांडायचा. त्यावर माझा प्रबंध उभा राहायचा होता. अडचण एकच. परतीची रेघ बसत नव्हती.

जातानाची रेघ सुरेख यायची, मधोमध छान उंचवटा. परतताना तो उंचवटा खुजा होऊन भलत्याच ठिकाणी यायचा. मी बफर बदलले, पीएच बदलला, नवं पेप्टाइड मागवलं. काही फरक नाही. सरांचं निदान कायम एकच: तुम्ही पुरेशा थांबत नाही. पेप्टाइड पूर्ण तापल्यावर त्याला तिथे निवांत राहू द्या, त्याचं पाण्याशी जुळू द्या, मगच परत आणा. मी जास्त थांबले. रेघ आणखी बिघडली. सर म्हणाले, अजून थांबा. त्यापेक्षा जास्त थांबले. शेवटी अशी वेळ आली की पेप्टाइड सकाळपासून जवळजवळ उकळत्या पाण्यात बसलेलं आहे आणि मी त्याच्यासमोर परीक्षेचे पेपर तपासते आहे.

अशात कॉलेजची जागा निघाली. प्राचार्यांनी सांगितलं की जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आत निकाल हातात हवा, पुढे त्यांना थांबता येणार नाही. थांबता न येणारा माणूस मला फार दिवसांनी भेटत होता. मी सरांना सांगितलं, की सर, नोकरीचा प्रश्न आहे, या वर्षी प्रबंध गेला नाही तर इतकी वर्षं ज्या वर्गावर उभी राहिले तो दुसऱ्याला मिळेल. सरांनी मनापासून ऐकलं. मग म्हणाले, रेघ बसली की लगेच सही करतो.

ती बसली ती मुलीच्या शाळेमुळे. पालकसभा होती आणि ती चुकवणं शक्य नव्हतं. यंत्र लावून झालेलं होतं, नमुना वाया घालवायचा नव्हता. मी थांबण्याचा काळ पूर्ण काढून टाकला, पेप्टाइड भराभर तापवलं, वर पोचल्या पोचल्या तसंच खाली आणलं आणि शाळेत गेले. परत येऊन कागद पाहिला तर दोन रेघा दिसेनात. मला वाटलं, परतीची नोंदलीच गेली नाही. नीट पाहिलं तेव्हा कळलं की ती पहिलीवर बसली आहे.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. तापवत ठेवलेलं पेप्टाइड आणि न ठेवलेलं, दोन्हींचं वस्तुमान तपासायला दिलं. ठेवलेल्याचं किंचित वाढलं होतं. उलगडा साधा होता. माझ्या माळेत अस्पॅराजीन नावाचं अमिनो आम्ल होतं. ते गरम पाण्यात फार वेळ बसलं की अमोनिया सोडून देतं, बदल्यात त्याहून किंचित जड असा पाण्याचा रेणू घेतं आणि त्याचं अस्पार्टिक आम्ल होतं. आधी ज्याच्यावर प्रभार नव्हता त्याच्यावर आता ऋण प्रभार. शेजारी आधीच एक ऋण प्रभार होता. दोघं एकमेकांना ढकलणार, घडी बसणार कशी? म्हणजे माझ्या पेप्टाइडला परत यायची काही अडचण नव्हती. आम्ही त्याची वाट पाहत होतो आणि वाट पाहण्यातच ते बिघडत होतं.

मी हे सगळं घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कागद उन्हात धरून पाहिला. खूश झाले, यात शंका नाही. मग म्हणाले की हे वापरता येणार नाही.

मी कारण विचारलं. ते म्हणाले की तुम्ही थांबला नाहीत, म्हणजे समतोल आला, त्याचं पाण्याशी जुळलं, की नाही ते माहीत नाही, म्हणजे ही रेघ मोजणीत धरता येत नाही. मी म्हटलं, पण ती बसते आहे. ते म्हणाले, बसते आहे, पण धरता येत नाही. आधीची धरता येते, पण बसत नाही. इतकं नीट मांडून झाल्यावर ते समाधानाने खुर्चीत मागे रेलले. मी प्रणालीकडे जाऊन तिच्या डब्यातला ठेचा खाल्ला. तिखट काहीतरी हवं होतं.

प्रबंध मी लिहून टाकला. वेगवेगळ्या वेगांनी तापवण्याचे आणखी प्रयोग केले, त्यांचं एक प्रकरण जोडलं, सगळं बांधून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राचं पान उघडलं. भांडायची तयारी करून गेले होते. सरांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

"हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं, एवढंच इथे म्हटलंय," ते म्हणाले. "ते खरंच आहे. बरोबर आहे असं कुठे म्हटलंय?"

मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांनी सही केली. टोपण लावता लावता म्हणाले की बरोबर आहे की नाही ते मी तोंडी परीक्षेत विचारीन.

मला वाटलं, गंमत करतायत. सर गंमत करत नसत, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

तोंडी परीक्षा खुली असते. बाहेरगावचे परीक्षक येतात, विद्यार्थी आपलं काम मांडतो, परीक्षक विचारतात, मग रिवाज म्हणून सभागृहाला विचारतात की कुणाला काही शंका आहे का. कुणाला नसते, कारण बाहेर बटाटेवडे मांडलेले असतात. गाइडने पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची आणि शेवटी अहवालावर परीक्षकांच्या खाली सही करायची. ती सही झाली की पदवी झाली.

आमचे परीक्षक नागपूरहून आले होते, सभ्य, मोजकं बोलणारे. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, ते समाधानी दिसले. सभागृहाला विचारलं. पहिल्या रांगेत हात वर झाला. परीक्षकांना वाटलं, सर आभार मानणार आहेत.

"आपण वाट पाहिली नाहीत," सर उभे राहून मला म्हणाले. तोंडी परीक्षेपुरतं त्यांनी मला आपण केलं होतं. "मग समतोल आला हे आपल्याला कुणी सांगितलं?"

सभागृहात कुजबुज झाली. मागे कुणीतरी प्रणालीला विचारत होतं की हे हिचेच गाइड ना. परीक्षक माझ्याकडे असं पाहत होते जसं घरगुती भांडणात सापडलेला पाहुणा पाहतो. जूनची जागा माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि अहवाल टेबलावर.

"रेघेनेच सांगितलं, सर," मी म्हटलं. "मी तापवण्याचा वेग दुप्पट केला, मग निम्मा केला. समतोल मागे पडत असता तर वेगाबरोबर रेघ सरकली असती. ती सरकली नाही. पेप्टाइड लहान आहे, डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचं पाण्याशी जुळून जातं. त्याला थांबायची गरज नाही. ती आपल्याला होती."

सर उभेच राहिले. आम्हाला सवय होती, पण परीक्षकांना नव्हती. ते मधेच खोकले. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "मग मी इतकी वर्षं कुणासाठी थांबलो?"

"हा प्रश्न विद्यार्थिनीला आहे का?" परीक्षकांनी अदबीने विचारलं.

सरांनी त्यावरही विचार केला. "नाही," म्हणाले, आणि बसले.

परीक्षकांनी अहवालावर सही केली आणि कागद सरांकडे सरकवला. सरांनी त्यांना विचारलं की उत्तर बरोबर होतं का. परीक्षक म्हणाले, अगदी बरोबर. सर म्हणाले की बरोबर आहे, पण मला पटायला निदान सहा महिने लागतील, तोवर हा कागद ठेवून घेतला तर चालेल का. मला प्राचार्यांचा चेहरा दिसला. त्याच्यामागे जाहिरात दिसली.

"सर," परीक्षक म्हणाले, "पदवी त्यांना द्यायची आहे. तुम्हाला ती आधीच मिळालेली आहे."

सरांनी सही केली. मग बाहेर आले, वाफाळता चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. जीभ भाजली असणार. तिथूनच ते प्रयोगशाळेत गेले. वडे तसेच राहिले. माझी नोकरी पक्की झाली, एवढ्यावर मी त्या दिवशी समाधान मानलं.

त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला प्रणालीने फोनवर सांगितलं. सरांच्या आयुष्यभराच्या पेप्टाइडांत अस्पॅराजीन असलेली पुष्कळ होती. ती सगळी त्यांनी तासन् तास तापवत ठेवली होती, आणि ज्यांच्या रेघा बसल्या नाहीत ती "परत न येणारी" म्हणून बाजूला काढली होती. आता सर फ्रीजरमधून त्यांची न तापवलेली, उरलेली एकेक कुपी काढून बसले होते. जेवायलाही उठत नव्हते. त्याच महिनाअखेर ते निवृत्त झाले. संस्थेने हार घातला आणि किल्ली मागून घेतली.

कॉलेज सुरू झाल्यावरची गोष्ट. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद. जनरेटर आहे, पण तो फक्त कार्यालयासाठी; त्याची किल्ली प्राचार्यांच्या खिशात असते आणि रसायनशास्त्र विभागाला ती आजवर मिळालेली नाही. मी अंधाऱ्या प्रयोगशाळेत हजेरीपट घ्यायला आले तर सर आत उभे. उंबऱ्यात नाही, आत. हातात थर्माकोलचं खोकं, खोक्यात बर्फ, बर्फात कुप्या.

आमच्याकडे कॅलरीमीटर नाही. तापवता येणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, त्यावर घडी उलगडताना ढोबळ का होईना दिसते. सरांना ते माहीत होतं. नमस्कार वगैरे काही नाही. म्हणाले, यंत्र कुठंय, ही सगळी परत येणारी निघणार आहेत, मला घाई आहे.

मी म्हटलं, सर, वीज पाचला येईल. ते म्हणाले, बर्फ पाचपर्यंत टिकणार नाही. मी म्हटलं, माझा तास आहे, तास संपला की बघते. त्यांना स्टूल दिलं आणि वर्गावर गेले. पहिल्या वर्षाची मुलं, त्यांना सोडून येणं शक्य नव्हतं.

तास संपवून परतले तर सर खोक्यावर वाकून कुप्या मोजत होते आणि दारात प्राचार्य उभे होते. सफारीत, बोटांपासून कोपरापर्यंत ओले. हातात समोरच्या ज्यूसवाल्याकडची बर्फाची पिशवी, खालून गळणारी. ते फेरीवर असताना इथे डोकावले होते आणि सरांनी त्यांना बर्फ आणायला पाठवलं होतं. हे गृहस्थ कोण, असं विचारायची त्यांना उसंत मिळालेली नव्हती.

"मॅडम, एवढा पुरेल ना?" प्राचार्यांनी मला विचारलं. "ते म्हणतायत, उशीर करून चालणार नाही."

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. म्हटलं, बर्फ पुरेल, आता जनरेटरची किल्ली द्या.